व्हर्च्युअल मशीनमधल्या एक्सपीला लिनक्सवरच्या फाइली द्यायच्या कशा?

छापखानेवाली

नमस्कार मंडळी,

मिरजेत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, जत्रेची हँडबिलं, पावतीपुस्तकं. बाबांनी वीस-बावीस वर्षं सगळं काम पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर), जुन्या बिगर-युनिकोड फाँटवर केलंय. फाँटचा तो संच डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावल्याशिवाय चालत नाही आणि आमचा डोंगल विंडोज एक्सपीच्या पुढच्या विंडोजला ओळख देत नाही. जुना पीसी गेल्या पावसाळ्यात कायमचा गेला. नव्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकाच्या आत दुसरा चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी बसवली. डोंगल यूएसबीतून आत दिसतो, अक्षरं जशीच्या तशी उमटतात. बाबा खूश.

घोडं अडलंय ते फाइलींपाशी. जुनं काम, जवळजवळ १४ जीबी, लिनक्सच्या डिस्कवर आहे. मी शेअर्ड फोल्डर करून दिला, तो एक्सपीत नेटवर्क ड्राईव्हसारखा दिसायला लागला. दोन आठवडे सुरळीत चाललं. मागच्या मंगळवारी एका शाळेचं ६४ पानी वार्षिक थेट त्याच ड्राईव्हवरून उघडलं होतं, सेव्ह करता करता लाईट गेली. परत आल्यावर पाहिलं तर फाइल शून्य बाइट. दोन दिवसांची जुळणी परत करावी लागली. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून बसले. तेव्हापासून मला चैन नाही.

तर प्रश्न असा: शेअर्ड फोल्डरच ठेवू, की साम्बा (लिनक्सवरच्या फाइली नेटवर्कवरून विंडोजला देणारा सर्व्हर) लावू, की सगळा डेटा एक्सपीच्या आतच नेऊन टाकू? तुमच्यापैकी कोणी रोजच्या कामासाठी हे करतंय का?

कर्नल_पॅनिक

एक्सपीला इंटरनेट चालू आहे का? असेल तर आधी ते बंद करा, मग पुढचं बोलू.

झणझणीत

ज्यात चालतं ते होस्ट म्हणजे यजमान, आत चालतं ते गेस्ट म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला घरच्या वस्तू वापरता याव्यात म्हणून गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे जादाची पोळी. आता पाहुण्याला कुठल्या खोलीपर्यंत येऊ द्यायचं ते ठरवा. धाग्यावर बसलोय.

छापखानेवाली

@कर्नल_पॅनिक, हो, एनएटीवर (मिंटच्याच जोडणीतून) चालू आहे. पण नेटवर्क बंद केलं तर शेअर्ड फोल्डरही बंद पडेल ना? तो तर 'माय नेटवर्क प्लेसेस'मध्येच दिसतो.

कर्नल_पॅनिक

नाही पडणार, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. व्हर्च्युअलबॉक्सचा शेअर्ड फोल्डर नेटवर्कवरून जातच नाही. गेस्ट अ‍ॅडिशन्सचा ड्रायव्हर आत बसतो आणि व्हर्च्युअलबॉक्सने पाहुणा-यजमानात एक खासगी खिडकी ठेवलेली असते, तिच्यातून थेट फाइली मागतो. विंडोजला नवा ड्राईव्ह दाखवायची सोपी सोय नेटवर्क ड्राईव्हची असल्यामुळे तो तसा सोंग घेऊन दिसतो, एवढंच. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क अडॅप्टरची खूण काढून टाका, एक्सपी परत सुरू करा, ड्राईव्ह तिथेच असेल.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. तिला आज इंटरनेटवर सोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. पत्रिका जुळवायला इंटरनेट लागत नाही. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो सगळं मिंटवर उतरवा आणि फोल्डरमधून आत पाठवा.

आता शून्य बाइटबद्दल. दोष फोल्डरचा एकट्याचा नाही. एक्सपीतलं सॉफ्टवेअर 'सेव्ह झालं' म्हणतं तेव्हा तो मजकूर मिंटच्या मेमरीत पोचलेला असतो, डिस्कवर लिहिला गेलेला असतोच असं नाही. नेमकी तेव्हा लाईट गेली की फाइलचं नाव उरतं आणि पोट रिकामं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: फाइल एक्सपीच्या आतल्या डिस्कवर ठेवली तरी हा धोका पूर्ण जात नाही. एक्सपी बहुधा आयडीई या जुन्या डिस्क-कंट्रोलरवर बसवलेली असते, कारण नव्या साटा कंट्रोलरचा एएचसीआय ड्रायव्हर तिच्याकडे आयता नसतो, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीईला 'होस्ट आय-ओ कॅश' मुळातच चालू असते. म्हणजे तिथेही मजकूर मधल्या मेमरीत थांबतोच. यूपीएसची बॅटरी आधी बदला. त्याला पर्याय नाही.

संत्रानगरी

मी सहमत नाही. शेअर्ड फोल्डर हे घरगुती काम आहे. धंद्याला साम्बाच हवा. मिंटवर साम्बा टाका, होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त यजमान-पाहुण्यातलं, नेटवर्क करा. तिथे मिंटचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असतो, बाहेरचा रस्ता तसाही बंद. एक्सपीत झेड ड्राईव्ह म्हणून जोडून टाका. फाइल लॉकिंग नीट, परवानग्या नीट, आणि उद्या दुसरा पीसी घेतलात तर त्यालाही तोच फोल्डर. आमच्या नागपूरच्या ऑफिसात सहा मशीन अशी चालतात.

कर्नल_पॅनिक

@संत्रानगरी, तुमच्या सहा मशीनवर विंडोज कुठली आहे?

संत्रानगरी

दहा आणि अकरा.

कर्नल_पॅनिक

मग तुमचं बरोबर आहे आणि त्यांचं वेगळं आहे. साम्बा एसएमबी ही विंडोजची फाइली मागायची भाषा बोलतो, आणि एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. साम्बाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ मध्ये, ती मुळातच बंद केली. एक्सपीसाठी ती मुद्दाम चालू करावी लागेल, वर एक्सपीचं मूळ सेटिंग बदललं नाही तर पासवर्ड पटवायची जुनी एनटीएलएम पद्धतही स्वीकारावी लागेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधल्या भोकातून. साम्बातलं भोक ते नव्हतं हे मान्य, पण एका पाहुण्यासाठी यजमानाने अख्खा जुना दरवाजा उघडायचा आणि तो फक्त होस्ट-ओन्लीवरच ऐकतोय ना याची कायम राखण करायची, हे एका माणसाच्या छापखान्यात कोण करणार?

संत्रानगरी

हं. एक्सपीचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. एक्सपीपुरता साम्बा मागे घेतो. विंडोज दहा-अकरासाठी मात्र माझं मत कायम.

गोठणे

वॉनाक्रायचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी तेव्हा जिथे नोकरीला होतो तिथे एका व्हर्च्युअल मशीनमध्ये असाच एक खंडणीखोर व्हायरस घुसला होता. 'आतलं मशीन उडवून नवं करू' म्हणून सगळे निवांत. पण त्या मशीनला यजमानाचा अख्खा 'डॉक्युमेंट्स' फोल्डर शेअर केलेला होता, लिहायच्या परवानगीसकट. व्हायरसला पाहुणा काय आणि यजमान काय, ड्राईव्ह दिसला की कुलूप. तीन वर्षांच्या कोटेशनच्या फाइली गेल्या. तेव्हापासून मी फोल्डर देताना दोनच गोष्टी पाहतो: अख्खं घर द्यायचं नाही, एकच कोनाडा द्यायचा. आणि जिथे नुसतं वाचायचंय तिथे 'रीड ओन्ली'ची खूण करायची.

छापखानेवाली ताई, तुमचं १४ जीबी जुनं काम रीड ओन्लीच द्या.

खारी_बिस्किट

अवांतर: साम्बा हे नाव नाचावरून आलं असं मला कायम वाटायचं.

टेलिफोनवाला

नाही. अँड्र्यू ट्रिजेल नावाचा ऑस्ट्रेलियातला विद्यार्थी, कॅनबेऱ्यात पीएचडी करत होता. १९९२ च्या सुमारास त्याला डॉसच्या मशीनवरून युनिक्सवरच्या फाइली हव्या होत्या. प्रोटोकॉलचा कागद हातात नसताना त्याने तारेवरून जाणारी पाकिटं बघून बघून सर्व्हर लिहिला. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यात साम्बा सापडलं.

तुमचा प्रश्न तसा जुनाच आहे: एक यंत्रणा दुसरीच्या पोटात, आणि फाइली दोघींनाही हव्यात. बेल लॅब्जच्या लोकांनी प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये याचं मला सर्वांत देखणं वाटणारं उत्तर दिलं. तिथे सगळंच फाइल, आणि ती मागायची एकच छोटी भाषा, ९पी. त्यांचीच पुढची इन्फर्नो तर विंडोज किंवा लिनक्सच्या आत एखाद्या साध्या प्रोग्रॅमसारखी चालायची आणि यजमानाची डिस्क तिच्या झाडाची एक फांदी म्हणून दिसायची. मी ती १९९९-२००० मध्ये हाताळली, तेव्हा लोक म्हणायचे याचा उपयोग काय. आज डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत, तुम्ही एक्स्प्लोररमधून लिनक्सच्या फाइली उघडता तेव्हा मधे ९पीच बोललं जातं. केव्हीएममध्ये (लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) पाहुण्याला फोल्डर देतानाही वर्षानुवर्षं तेच. ज्यांनी ते बांधलं त्यांचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सई_सिंगापूर

काका, किती छान लिहिलंत. मी रोज डब्ल्यूएसएल वापरते आणि हे माहीत नव्हतं. आता एक कळलं: माझा प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राईव्हवर ठेवून लिनक्समधून बिल्ड केला की चहा होऊन येतो, आणि तोच लिनक्सच्या आतल्या होम फोल्डरमध्ये ठेवला की लगेच होतो. प्रत्येक फाइलसाठी कुंपणापलीकडे हाक मारावी लागते, आणि बिल्डमध्ये छोट्या फाइली हजारोंनी असतात.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स पाहुणा असेल तर आणखी तीन काटे, माझ्या पायात मोडलेले. एक, तुमचा युजर 'व्हीबॉक्सएसएफ' गटात घालून परत लॉगिन करावं लागतं, नाहीतर फोल्डर दिसतो पण उघडत नाही. दोन, त्या फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) करता येत नाहीत, सुरक्षेसाठी बंद ठेवलेत, त्यामुळे जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं एनपीएम अर्ध्यात अडतं. तीन, यजमानाकडे फाइल बदलली तर पाहुण्यातल्या पहारेकरी प्रोग्रॅमला त्याची खबरच जात नाही, कारण लिनक्सची ती खबर देणारी सोय, आयनोटिफाय, कुंपण ओलांडत नाही. सेव्ह केलं तरी पान ताजं का होत नाही म्हणून मी एक अख्खा शनिवार घालवलाय.

डोंगरवाट

लिनक्सवर लिनक्स चालवायचं असेल तर केव्हीएम आणि त्यातली फोल्डर द्यायची नवी सोय, व्हर्टिओ-एफएस. कर्नल ५.४ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून आलंय. ९पीपेक्षा बरंच वेगवान, आणि फाइलीही खऱ्या डिस्कसारख्या वागतात. एक्सपीला मात्र त्याचा उपयोग नाही, त्याचा विंडोजमधला जोड विनएफएसपी नावाच्या ड्रायव्हरवर चालतो आणि तो एक्सपीवर बसत नाही.

मठ्ठा

एम चिपच्या मॅकवर एक्सपी?

डोंगरवाट

यूटीएम या मॅकवरच्या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्रॅममध्ये अख्खा इंटेल प्रोसेसर नकलून चालते, म्हणजे बैलगाडी. फाइलींसाठी आयएसओ (सीडीची फाइलरूपी प्रत) करून सीडी म्हणून लावणं सगळ्यात बिनत्रासाचं.

लिपीवेडी

इथे सगळे मराठीत फाइलींची नावं ठेवणारे दिसताहेत, म्हणून सांगते. ही गोष्ट इंग्रजी धाग्यांवर कधी सापडणार नाही.

लिनक्सच्या डिस्कच्या ईएक्सटी४ मांडणीत फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. विंडोजच्या एनटीएफएसमध्येही मर्यादा २५५ चीच, पण तिथे ती चिन्हांमागे मोजतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे लिनक्सवर तुमच्या हाती ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे बरं का. 'श्री' घ्या: श, हलंत, र, दीर्घ वेलांटी, चार चिन्हं, १२ बाइट. 'श्री सिद्धेश्वर यात्रा महोत्सव समिती निमंत्रणपत्रिका दुसरी दुरुस्ती अंतिम' असं नाव एक्सपीत सुखाने सेव्ह होतं, त्यात तारीख, गाव आणि 'अंतिम अंतिम' जोडलं की शेअर्ड फोल्डरकडे ढकलताना अडतं. आणि मिंट बसवताना होम फोल्डर एन्क्रिप्ट केला असेल आणि ते ईक्रिप्टएफएस पद्धतीने असेल, तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं.

दुसरी गंमत 'ऱ्य'ची. 'दुसऱ्या' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिता येतो आणि तिन्ही दिसायला सारखे. ऱ हे एकच चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन, किंवा र, हलंत आणि मधे न दिसणारा जोडक. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क पहिल्याचं न विचारता दुसऱ्यात रूपांतर करायची. तिथून लिनक्सवर आणलेल्या फोल्डरमध्ये मला 'दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसल्या, काना-मात्रेचाही फरक नाही. एक जुनी, एक नवी. मी जुनी छापायला पाठवणार होते, शेवटच्या क्षणी तारीख पाहिली.

छापखानेवाली

लिपीवेडी ताई, आत्ता जाऊन शोधलं. 'अंतिम अंतिम नक्की' नावाच्या अकरा फाइली निघाल्या. 😀

हिशेबनीस

पुण्यात आम्ही मॅकवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज घेऊन हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. त्याचा डेटा शेअर्ड फोल्डरवर होता आणि मॅककडून बॅकअप त्याच वेळी तीच फाइल उचलत होता. मार्च अखेरीला डेटा बिघडला. पाहुण्याने फाइलला लावलेलं कुलूप यजमानाला दिसेलच याची खात्री नसते, हे मला तेव्हा कळलं. डेटाबेस असेल तर तो कुंपणावर ठेवू नये. आत ठेवा आणि बंद करूनच बॅकअप बाहेर काढा.

गोठणे

@हिशेबनीस, अगदी. आणि त्याच्याही पुढची चूक: पाहुणा चालू असताना त्याची डिस्क-फाइल यजमानाकडून उघडणं. एनटीएफएस काय आणि ईएक्सटी४ काय, दोघांनी एकाच वेळी लिहावं अशी बांधलेलीच नाहीत.

खिळेजुळारी

मी कोल्हापूरला खिळे जुळवून शिकलो, नंतर फोटोटाइपसेटिंग, मग पेजमेकर. छापखानेवाली, तुझ्या बाबांच्या चष्मा पुसण्याचं वाचून घशाशी आलं. आमच्याकडे जुळवलेली गॅली हातातून सुटली की पाय (मिसळलेल्या खिळ्यांना आम्ही पाय म्हणायचो) वेचत बसावं लागायचं. कोणी ओरडत नसे, सगळे वेचायला बसत.

कामाचं दोन ओळीत सांगतो. पेजमेकर चित्रांच्या जागा ड्राईव्हच्या अक्षरासकट लक्षात ठेवतो. आज फोल्डर झेडवर आणि उद्या वायवर आला तर प्रत्येक चित्र 'सापडत नाही' म्हणून विचारेल. म्हणून अक्षर एकदा ठरव आणि कधी हलवू नको. दुसरं, तो मजकूर मिंटवर उघडलास तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल, घाबरू नको. जुन्या फाँटमध्ये 'क' च्या घरात इंग्रजी अक्षरच बसलेलं असतं. पीडीएफ केली की छपाई बिनचूक येते, पण पीडीएफमधून मजकूर उचलायला गेलीस तर तोच काला. म्हणून शाळांची वार्षिकं तरी हळूहळू युनिकोडमध्ये आण. मुलं मोठी होतात, स्वतःचा लेख शोधतात.

कर्नल_पॅनिक

काकांनी ड्राईव्हच्या अक्षराचं सांगितलं ते सोन्यासारखं. आता मूळ प्रश्नाचं उत्तर, सगळ्यांचं ऐकून:

काम आत, ने-आण कुंपणावरून. एक्सपीला दुसरी व्हर्च्युअल डिस्क द्या, २० जीबीची, डी ड्राईव्ह. चालू काम तिथेच उघडायचं, तिथेच सेव्ह करायचं. जुनं १४ जीबी झेडवर, रीड ओन्ली. तिसरा एक 'देवघेव' फोल्डर वायवर, त्यातच फक्त लिहायची मुभा. संध्याकाळी एक बॅच फाइल चालवायची, ती एक्सकॉपीने डीवरचं वायवर टाकेल. एक्सकॉपीला '/d' हा पर्याय दिला की नव्या तारखेच्याच फाइली जातात. एक्सपीत रोबोकॉपी ही कॉपीची जास्त ताकदीची आज्ञा आयती येत नाही, पण तुमच्या कामाला एक्सकॉपी पुरे.

दोन सावधगिऱ्या. फोल्डर जोडताना 'परमनंट'ची खूण करा, नाहीतर मशीन बंद केलं की गायब. आणि स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. एक्सपी बिघडली म्हणून जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर आतल्या डिस्कवरचं कामही त्या दिवसावर जातं. शेअर्ड फोल्डर जात नाही. म्हणून ती २० जीबीची डिस्क 'राईट-थ्रू' प्रकारची करा, तिला स्नॅपशॉट शिवत नाही.

संत्रानगरी

+१. आणि 'देवघेव' फोल्डर रोज रात्री मिंटकडून बाहेरच्या हार्डडिस्कवर. तेवढं मी सांगणारच.

छापखानेवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसून केलं, आज चौथा दिवस.

नेटवर्क काढलं, झेड आणि वाय दोन्ही खरंच तसेच उभे. यूपीएसला नवी बॅटरी घातली. मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिलं, वीस मिनिटं चाललं, तेवढ्यात सेव्ह करून बंद करता येतं. बॅच फाइलचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवून त्याला 'दुकान बंद' असं नाव दिलंय. बाबा संध्याकाळी त्यावर क्लिक करतात, काळ्या खिडकीत नावं सरकताना पाहतात आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचतात: किती फाइली गेल्या ते. काल १७ होत्या.

वार्षिक शुक्रवारी छापायला जातंय. खिळेजुळारी काका, पहिला लेख युनिकोडमध्ये आणला. पाचवीतल्या एका मुलीची कविता आहे, पावसावर. रूपांतर करताना सगळे 'ऱ्य' तुटले, ते हाताने जुळवतेय. लिपीवेडी ताई, ते एका चिन्हाचं ऱ मिंटच्या मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर कुठल्या कळीवर आहे?

लिपीवेडी

शिफ्ट धरून 'जे'. मग 'डी'ने हलंत आणि पुढे य. जुळवून झाली की कविता इथे टाकशील?